दुसऱ्या खेपेचा पाव

"तुमच्या धुरांड्यातून धूर निघताना दिसला की मला बरं वाटतं," चष्मेवाला म्हणाला आणि त्याने खरोखरच छातीवर हात ठेवला. "धूर आहे म्हणजे तुम्ही सगळे आत आहात. सुखरूप आहात."

मी टोपलीत गरम पाव भरत होते. माझे हात तिथेच थांबले. त्याचं ते गोड बोलणं ऐकून माझ्या अंगावर काटा आला, असं मी नंतर नवऱ्याला सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "तुला कुणाचंच गोड बोललेलं सोसत नाही. माझं तरी कुठे सोसतं?" ते काही खोटं नाही. पण नवऱ्याच्या गोड बोलण्यामागे फार तर चहा हवा असतो.

चष्मेवाला हा आमच्या रस्त्याच्या नाक्यावर बसणाऱ्या बंदूकवाल्यांचा म्होरक्या. तो कोणत्या बाजूने लढत होता ते मला आजही धड सांगता येणार नाही. आम्ही या शहरात कामाला आलो तेव्हा इथे दुसऱ्यांचं राज्य होतं. मग महिनोन्‌महिने लांबून तोफांचे आवाज आले, आणि एका सकाळी उठून बघतो तर खांबांवरच्या झेंड्यांचा रंग बदललेला आणि नाक्यावर खुर्च्या मांडून ही माणसं बसलेली. आमच्या बेकरीचा मालक त्याच्या आदल्या दिवशीच गाडीत बायकापोरं घालून निघून गेला होता. जाताना माझ्या वडिलांच्या हातात किल्ल्या ठेवून "दोन-चार दिवसांत येतो" म्हणाला. शेजारच्यांना कुंड्यांना पाणी घाला म्हणून सांगतात ना, अगदी त्याच सुरात.

मालक गेल्याचं कळल्यावर लोक पिठाची पोती लुटायला आले. तेव्हा चष्मेवाल्याच्या माणसांनी हवेत गोळ्या झाडून त्यांना पांगवलं आणि आमच्या दाराशी पहारा बसवला. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मीसुद्धा हात जोडून त्याचे आभार मानले. बाबांनी तर भट्टीतून काढलेला पहिला पाव त्यालाच दिला.

त्यानंतर तो आमचं रक्षण करत राहिला. त्याने रक्षण केलं की आमचं काहीतरी बंद व्हायचं. आधी पुढचं शटर अर्ध्यावर आलं. मग कुणी दगड मारेल म्हणून खिडकीला लोखंडी जाळी बसली. मग मागच्या दाराला कुलूप लागलं आणि त्याची किल्ली तो सोबत घेऊन गेला. मग आम्ही बाजारात जायचं नाही असं ठरलं, कारण बाजार धोक्याचा. भाजी तो पाठवील. आणि पाठवायचाही, अगदी ताजी. तुमच्या केसालाही धक्का लागू देणार नाही, असं तो दर वेळी म्हणायचा. त्या भागातल्या लोकांना आणि त्याच्या माणसांना खायला आमचाच पाव होता. आम्ही गेलो तर भट्टीशी उभं राहणारं दुसरं कुणी नव्हतं. एवढं साधं गणित होतं, पण ते समजायला आम्हाला सगळी दारं बंद व्हावी लागली.

आम्ही चौघं होतो. माझे वडील भट्टीवाले मिस्त्री. तरुणपणी कधीतरी भट्टीचा भपकारा लागून त्यांच्या भुवया जळाल्या त्या परत आल्याच नाहीत, त्यामुळे त्यांचा चेहरा कायम कशाचं तरी आश्चर्य वाटल्यासारखा दिसायचा. प्रत्यक्षात त्यांना कशाचंच आश्चर्य वाटत नसे. माझा नवरा पीठ मळायचा. सासऱ्यांनी बोलावलं म्हणून तो या परक्या मुलखात आला, म्हणून सगळे त्याला जावईबापू म्हणायचे आणि बाबा त्याचा सगळा मानपान ठेवायचे. "जावईबापू, ते पोतं जरा इकडे आणता का? फार कष्ट नका घेऊ, सावकाश दोन्ही आणा." मी पीठ चाळायचे आणि पाव भरायचे. चौथा मुका. तो आमच्याच भाषेचा, पावाचे पत्रे घासायचा आणि दिवसभर बडबड करायचा, म्हणून त्याचं नाव मुका पडलं होतं. माझी मुलगी मायदेशी माझ्या आईजवळ होती. फोन लागला की ती आधी आजोबांना विचारायची, "आज किती पाव जळाले?" आणि बाबा दुखावल्यासारखं करून म्हणायचे, "माझा पाव जळत नाही गं बाई."

ते खरंच होतं. आच बघायला ते भट्टीच्या दारासमोर नुसता तळहात धरायचे, आणि त्यांचा अंदाज कधी चुकल्याचं मला आठवत नाही. त्यांचा एक नियम होता. तापलेली भट्टी रिकामी ठेवायची नाही. त्यांच्या उस्तादाने हे त्यांच्या हाडीमासी मुरवलं होतं. पत्रे संपले तर उरल्यासुरल्या पिठाचा एखादा गोळा तरी आत जायचाच. त्या उस्तादाच्या मते रिकामी तापलेली भट्टी माणूस मागते. मी हसायचे. म्हणायचे, "बाबा, भट्टीला तोंड आहे, पोट नाही." ते गोळा आत सारायचे.

गॅस बंद झाल्यापासून आम्ही मागची जुनी लाकडाची भट्टी साफ करून चालू केली होती. लाकूड टाकलं की धुरांड्यातून आधी काळा धूर उठतो, मग तो पांढरा होतो, मग विरत विरत दिसेनासा होतो, की पुन्हा लाकूड टाकायचं. नाक्यावरच्यांना आमचं धुरांडं खुर्चीत बसल्या बसल्या दिसायचं. एकदा लाकडं ओली निघाली, विस्तव बसला आणि धूर थांबला. बाबा फुंकर घालत होते तोवर शटर वर गेलं आणि बंदुका घेतलेले लोक आत घुसले. त्यांनी पिठाच्या कोठीचं झाकणसुद्धा उघडून बघितलं. सगळ्यांत शेवटी चष्मेवाला आला. आम्हा चौघांकडे त्याने एकेक करून बोट रोखलं, मग हसला. "मला वाटलं तुम्हाला काही झालं." जाताना तो बाबांच्या खांद्यावर थोपटून गेला. बाबांच्या सदऱ्यावरचं पीठ त्याच्या हाताला लागलं, ते त्याने दाराशी नीट झटकलं.

नंतर पीठ कमी पडायला लागलं. त्याने कुठून तरी पोती पाठवली. पोत्यांवर पलीकडच्या वस्तीतल्या बेकरीचा शिक्का होता. तिथेही आपल्याकडचीच माणसं कामाला होती. मी चाळायला बसले तर चाळणीत काहीतरी खडखडलं. खडा असेल म्हणून उचलला. ती चेपलेली गोळी होती.

मुका शेजारीच पत्रे घासत होता. त्याने माझ्या हाताकडे पाहिलं, आणि त्या दिवसापासून तो गप्प झाला. आम्ही त्याला इतक्यांदा म्हटलं होतं की बाबा रे, जरा तोंड मिट. आता त्याच्या गप्प बसण्याने जीव घाबरायचा. संध्याकाळी मी चष्मेवाल्याला साळसूदपणे विचारलं, "ती बेकरी कशी काय बंद झाली हो?" तो पाव मोडत म्हणाला, "तिथले लोक न सांगता निघाले होते." मग पाव खाऊन म्हणाला, "आज मीठ बरोबर पडलंय."

आपल्या वकिलातीतली एक बाई मला फोन करायची. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, म्हणून आम्ही तिला फोनवरची बाई म्हणायचो. फोन मी पिठाच्या कोठीमागे लपवला होता. तिचा आवाज बोलून बोलून बसलेला असे. आपल्या लोकांना न्यायला शाळेच्या मैदानावर बस येते, तिथून सीमेपर्यंत आणि सीमेवरून घरी, कागदपत्रं नसली तरी चालतील, असं तिने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आमच्याकडे मागच्या दाराची किल्ली होती. मी पिशवी भरली. बाबा म्हणाले, "पीठ भिजवलंय. टाकून जायचं का?" पुढच्या बसच्या वेळी म्हणाले, मालकाच्या किल्ल्या कुणाच्या ताब्यात द्यायच्या? माझं डोकं फिरलं. जन्मदात्या बापाला बोलू नये ते बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि जावईबापूंना म्हणाले, "हिला थोडा साखरेचा चहा द्या." त्यांना सोडून मी जाणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता.

आता बाईचा फोन आला तो शेवटच्या बसचा. "यानंतर रस्ता बंद होतोय. उद्या दुपारी मैदानावर या. तुमच्या रस्त्यात आम्हाला शिरू देत नाहीत, तेव्हा तिथवर तुम्हालाच यावं लागेल. जो येईल त्याला मी घेऊन जाणार, आणि जो येणार आहे त्याला सोडून निघणार नाही. पण नाक्यावरच्यांना कळता कामा नये, बसला त्यांच्यासमोरूनच बाहेर पडावं लागतं. परवा त्यांनी एक बस तिथेच अडवली. ती अजून सुटलेली नाही."

मी फोन ठेवला, बाबांसमोर गेले आणि त्यांच्या हातावर ती गोळी ठेवली. "ही पण भाजायची का?" असं मी विचारलं.

त्यांनी गोळी उलटून पाहिली. अंगठ्याने तिच्यावरचं पीठ पुसलं. मग म्हणाले, "ओली नि सुकी लाकडं मिसळून लावली तर धूर जास्त वेळ टिकतो." म्हणजे ते यायला तयार होते. आमच्या घरात 'हो' म्हणायची हीच पद्धत. मी आत जाऊन पोत्यांमागे रडून घेतलं.

बेत साधा होता. सकाळची खेप निघाली, पाव वाटून झाला की नाक्यावरचे लोक खुर्च्यांत पेंगायचे. दुसरी खेप निघायची ती ऊन उतरल्यावर. पावाचा वास सुटला की त्यांच्या खुर्च्या सरकायच्या आणि मग ते येऊन आपले पाव घेऊन जायचे. मधल्या वेळात ते फक्त धुराकडे बघायचे. त्या मधल्या वेळात आम्ही निघायचं. लाकडं ठेवायच्या खोलीला, मागच्या गल्लीतून लाकडं आत टाकायला, एक झडप होती. ती चष्मेवाल्याच्या नजरेतून सुटली होती. भट्टीत लाकडं रचून ठेवायची, पण पाव लावायचा नाही. पाव लावला तर भाजल्याचा वास सुटणार आणि वास सुटला की ते येणार. हे बाबांनीच आम्हाला समजावून सांगितलं. "भट्टी रिकामी राहील हो उद्या," मी मुद्दाम डिवचलं. "राहू दे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सगळं रोजच्यासारखं केलं. मध्येच कुणीतरी डोकावतो म्हणून दुसऱ्या खेपेचं पीठही मळलं, गोळे वळले, पत्र्यांवर मांडून ओल्या फडक्याखाली फुगायला ठेवले. टाकून जायचे पाव बाबांनी इतके निगुतीने वळले की मला बघवेना. मग आम्ही आळीपाळीने अंगावरचं पीठ धुतलं, कारण त्या लोकांनी आम्हाला कायम पांढरंफटकच पाहिलं होतं आणि धुतलेल्या तोंडांनी आम्ही कुणीही वाटलो असतो. माझ्या पापण्यांवरचं पीठ निघालं तेव्हा नवरा म्हणाला, "अरे, बायको सावळी आहे होय माझी? लग्नात हे सांगितलं नव्हतं."

झडपेतून मुका आधी गेला, मग मी, मग नवरा. नवऱ्याचं पोट अडकलं, त्याला ओढून काढावं लागलं. बाबा लाकडं शेवटची सारून येणार होते. त्यांना वेळ लागला. मी गल्लीत भिंतीला चिकटून उभी होते. मग झडपेतून त्यांचं डोकं दिसलं. ते बाहेर आले, झडप लावली, कपडे झटकले. आम्ही चालू लागलो. पळायचं नाही, बाजारातून परत येणारी माणसं चालतात तसं चालायचं, असं ठरलं होतं.

गल्ली रिकामी होती. दारं लावलेली, एका गच्चीवर वाळत घातलेले कपडे तसेच राहिलेले. बंद पडलेल्या शिंप्याच्या दुकानाशी वळताना बाबांनी घाम पुसायला हात वर केला आणि मला त्यांच्या बोटांना लागलेलं पीठ दिसलं. ताजं, ओलं पीठ.

"बाबा, हात धुतले होते ना तुम्ही?"

त्यांनी हाताकडे पाहिलं. दोन्ही तळहात उलटसुलट करून पाहिले. जन्मभर आश्चर्य वाटल्यासारखा दिसणारा तो चेहरा तेव्हा मला पहिल्यांदाच खरोखर चकित झालेला दिसला.

"लावली मी," ते म्हणाले.

"काय लावली?"

"दुसरी खेप. लाकडं सारली, आच बघायला हात धरला. आच चांगली आली होती. मग पत्रे लावले आणि दार ओढून घेतलं." दुसऱ्या कुणीतरी केलेलं काम सांगावं तसं ते सांगत होते. "रोजच्यासारखं."

नवरा म्हणाला, "जळू द्या हो. चला पुढे."

"जळला तर जळका वास नाक्यावर जाईल. ते आत येतील, आत कुणी नाही. मग ते कुठे शोधतील? मैदान हे इथेच आहे आणि सगळी बस तिथे भरलेली असेल." बाबा मागे वळलेसुद्धा होते. "पत्रे बाहेर ओढतो आणि आलोच."

"मी जातो," नवरा म्हणाला.

"तुम्हाला आच कळते का, जावईबापू? जन्मभर पीठ बडवलंत."

मी त्यांची बाही धरली. त्यांनी ती हळूच सोडवली. "तू बस थांबवून धर. तुझी जीभ चालते ना चांगली, वापर की कधीतरी." एवढं बोलून ते निघाले. दुकान उघडायला उशीर झालेला माणूस चालतो तसे भराभर चालले होते. वळणावर त्यांनी मागे पाहिलं नाही.

मैदानावर बस उभी होती. इस्पितळात झाडू मारणाऱ्या बायका, गवंडी, धोबीखान्यातली माणसं, सगळी आपल्याकडची, मांडीवर पिशव्या घेऊन बसली होती. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. फोनवरची बाई दाराशी उभी होती. माझ्या मनात ती धिप्पाड होती, प्रत्यक्षात माझ्या खांद्याला लागेल एवढी. मी म्हटलं, माझे वडील येताहेत, आलेच. ती म्हणाली, थांबू. ड्रायव्हरने तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा समोर पाहिलं.

बसमधून छपरांच्या पलीकडे आमचं धुरांडं दिसत होतं. पांढरा धूर निघत होता.

मग वास आला. मला आधी आनंद झाला, हे सांगायलाच हवं. वास जळका नव्हता. वरून लालसर, आतून मऊ अशा बरोबर भाजलेल्या पावाचा तो वास होता, मी लहानपणापासून बाबांच्या कपड्यांना हुंगलेला. म्हणजे ते वेळेवर पोचले, पत्रे बाहेर आले. मी नवऱ्याचा हात दाबला. "काढले त्यांनी. आता येतील बघ."

तेव्हा मागच्या सीटवरून मुका बोलला. कितीतरी दिवसांनी त्याचा आवाज ऐकला.

"नाक्यावरच्यांनाही वास आला असेल."

पाव जळो की नीट भाजला जावो, एकदा भट्टीत गेला की वास सुटणारच होता आणि त्या खुर्च्या सरकणारच होत्या. ते शटर वर करणार तेव्हा पाव द्यायला आत कुणीतरी असावं लागणार होतं. बाबांना हे शिंप्याच्या दुकानाशीच कळलं असणार. मलाही कळायला हवं होतं. त्यांना थांबवायला नको म्हणून मी ते स्वतःला कळू दिलं नाही की काय, कुणास ठाऊक.

मी धुरांड्याकडे बघत होते. पांढरा धूर विरत चालला होता. आणि मग एकदम काळाकुट्ट धूर उसळला.

त्यांनी नवी लाकडं टाकली होती. निघायचं असलेला माणूस भट्टीत लाकडं टाकत नाही. ते आता तिसऱ्या खेपेचं पीठ भिजवणार होते, बाकीचे कुठे आहेत म्हणून कुणी विचारलं तर झोपलेत म्हणून सांगणार होते, पाव घ्या गरम आहे तोवर, म्हणणार होते. ते येणार नव्हते.

नाक्याची खबर काढायला गेलेली बाई परत आली आणि दारात वाकून म्हणाली, "आता नाक्यावर सामसूम आहे म्हणतात. तुमचे सगळे आले का? नसतील तर मी माणूस पाठवते चौकशीला."

चौकशीला माणूस बेकरीवर गेला असता, तर तिथल्या लोकांना आम्ही कुठे आहोत ते कळलं असतं. मी उठून उभी राहिले. खाली उतरावं, धावत जावं, त्या भट्टीसमोरून त्यांना ओढून आणावं, असं इतकं वाटलं की माझा एक पाय पायरीवर गेलासुद्धा. नवऱ्याने माझा दंड धरला होता. मी त्याच्या हाताला चावले. त्याने हात सोडला नाही. त्याच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"सगळे आले ना?" बाईने पुन्हा विचारलं.

"आले," मी म्हणाले.

तिने दार लावलं.

नाक्यावरून जाताना सगळ्यांनी खाली वाकून बसायचं होतं. मी वाकले नाही. खुर्च्या रिकाम्या होत्या. एका खुर्चीला कुणाची तरी बंदूक टेकवलेली होती. आडव्या बांधलेल्या दोराशी एकच पोरगेला शिपाई उरला होता, त्याच्या एका हातात अर्धा पाव होता आणि तोंड भरलेलं होतं. त्याने दुसऱ्या हाताने दोर खाली सोडला आणि जा जा अशी मान हलवली. बसमध्ये डोकावायचे कष्ट घेतले नाहीत.

नाक्यावरून आत दिसणारं बेकरीचं शटर कित्येक दिवसांनी पूर्ण वर होतं. दारात गर्दी होती. मी जिथे उभी राहून टोपल्या भरायचे तिथे चष्मेवाला पाठमोरा उभा होता, मान वळवून आत कुणाला तरी शोधत असल्यासारखा. बाबा दिसले नाहीत. फक्त पत्रे आत-बाहेर करायच्या त्यांच्या फावड्याचा लांब दांडा माणसांच्या डोक्यांमधून दिसला, भट्टीत जात होता, बाहेर येत होता, रोजच्या लयीत.

हल्ली लोक म्हणतात, म्हाताऱ्याने ते मुद्दाम केलं. नाक्यावरचे लोक हटावेत आणि बस सुटावी म्हणून त्याने ठरवून पाव लावला, असा शूर माणूस ऐकला नाही. घरी येऊन मला हे सांगतात, माझ्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवतात. माझा संताप होतो. मी त्यांचा चेहरा पाहिला होता. ती चूक होती, हाताला लागलेल्या सवयीने केलेली साधी चूक, आणि ते ती निस्तरायला गेले. त्यांना घरी यायचं होतं. पिशवीत त्यांनी नातीसाठी छोटं लाकडी लाटणं घेतलं होतं, ते त्यांनी स्वतः तासलं होतं. त्यांना शूर म्हणून उगाच मखरात बसवू नका. मला माझा बाप परत हवाय.

बस हमरस्त्याला लागली. मी मागच्या काचेपाशी जाऊन गुडघ्यांवर बसले. मुक्याने सरकून जागा दिली. शहर मागे मागे जात होतं आणि छपरांवर धूर दिसत होता. काळा होता तोवर मी श्वास घेत होते. मग तो पांढरा झाला. आत सगळं ठीक चाललंय, ते आच बघताहेत, असं मी मनाशी म्हणत होते. चष्मेवाला म्हणायचा तेच मी म्हणत होते, धूर दिसला की बरं वाटतं.

धूर विरळ होऊ लागला. आता लाकूड टाकायची वेळ होती. त्यांची वेळ कधी चुकायची नाही.

"टाका ना बाबा," मी काचेला कपाळ लावून म्हणाले. "टाका की एक लाकूड."

नवरा माझ्या शेजारी येऊन बसला. आम्ही दोघं बघत राहिलो. धुरांडं अजून दिसत होतं, अगदी बारीक, आणि त्याच्यावरचं आभाळ स्वच्छ होतं.